सरपणाचा हिशेब



वाचक बंधू-भगिनींनो, थंडी पडली की आमच्याकडे लोक दोन कामांसाठी येतात. एक म्हणजे शिष्यवृत्तीचे आणि दाखल्यांचे अर्ज भरून घेण्यासाठी, आणि दुसरे म्हणजे लाकडासाठी. पहिले काम आमच्या कारकुनीमुळे आले. दुसरे असे आले की, गेली काही वर्षे आमच्या वस्तीतील आठ-दहा घरे मिळून वखारीतून एकदमच सरपण आणतात आणि वजनकाट्यापाशी उभे राहण्याचे काम आमच्याकडे असते. बी.कॉम. झालेल्या माणसाला काट्यावर कोणी फसवू शकत नाही, असा लोकांचा समज आहे. काट्यावर आम्ही सहसा फसत नाही हे खरे. पण माणूस काट्यावरच फसतो असे थोडेच आहे?

परवा शेजारच्या मावशी आल्या. दाराशीच म्हणाल्या, "भाऊ, पोर बायतपनले येल शे. शेगडीले कोनतं लाकूड लेऊ?"

आम्ही म्हटले, "मावशी, आधी बसा. लाकडाचे सगळे सांगतो. शेगडीचे मात्र शेवटी सांगतो." मावशी बसल्या. त्यांना जे सांगितले तेच येथे लिहीत आहोत, कारण या दिवसांत हा प्रश्न एकट्या मावशींचा नाही.

आता गॅस घरोघर आला, मग सरपण कशाला, असे शहरातील वाचक विचारतील. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. त्यानंतर आमच्या वस्तीतही पुष्कळ घरांत शेगडी आणि १४.२ किलोची टाकी आली. ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु टाकी घरात असणे वेगळे आणि ती भरलेली असणे वेगळे. रोजंदारीच्या घरात गॅसवर चहा होतो, भाजी होते, पाहुणा आला तर स्वयंपाक होतो. अंघोळीचे पाणी मात्र बंबात किंवा अंगणातल्या तीन दगडांवर तापते, आणि जास्त माणसांच्या घरात भाकरीही चुलीवरच होते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात शंभरातील सुमारे ५९ घरेच मुख्यतः गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करीत होती. त्यातही पाणी तापविण्याचा आणि थंडीत शेकण्याचा हिशेब धरलेला नाही. आमच्या खानदेशात उन्हाळा जसा भाजून काढतो तशी पौषातली थंडीही हाडे गोठवते. पत्र्याचे घर रात्री बाहेरच्याइतकेच गार होते, हे पत्र्याखाली झोपलेल्यालाच ठाऊक.

तर आधी पैशाचा हिशेब. वखारीत दोन ढीग असतात. एक ताज्या तोडीचा आणि एक वाळलेला. ताजा स्वस्त, वाळलेला महाग. आपला माणूस स्वस्ताकडे जातो. समजा, ओल्याचा भाव क्विंटलला ४०० रुपये आणि वाळलेल्याचा ६०० रुपये आहे. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. म्हणजे ४०० रुपये देऊन तुम्ही ५० किलो लाकूड आणि ५० किलो पाणी घरी आणले. ते पाणी कुठे जाते? चुलीतच वाफ होऊन जाते, आणि ती वाफ करण्यासाठी लाकूड जळावे लागते. एक किलो कोरडे लाकूड सुमारे साडेचार हजार किलोकॅलरी उष्णता देते, आणि एक किलो पाण्याची वाफ करण्यास सहाशेच्या वर लागतात. त्या मानाने ५० किलो पाणी उडविण्यातच सुमारे ७ किलो लाकूड खर्ची पडते. हाती राहिले ४३ किलो. दर पडला किलोला ९ रुपये ३० पैसे.

वाळलेल्या लाकडात शंभरास १५ किलोच्या आसपास पाणी असते. ते उडविण्यास २ किलो लाकूड गेले असे धरले तरी ८३ किलो उरते. दर पडला ७ रुपये २३ पैसे. आता सांगा, स्वस्त कोणते? हा हिशेब आम्ही वखारीच्या फळीवर खडूने लिहून दाखविला तेव्हा वखारवाला हसला आणि म्हणाला, "साहेब, एवढे लोकांना सांगू नका, माझा ओला माल कोण नेईल?" आम्ही तर छापूनच सांगत आहोत.

ओले लाकूड ओळखणे कठीण नाही. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. वाळलेल्या टणटण वाजतात, ओल्यांचा आवाज बद्द येतो. वाळलेल्या लाकडाच्या टोकाला तडे गेलेले असतात आणि साल नखाने सुटते. चुलीत घातल्यावर ज्याच्या मागच्या टोकातून फेस येतो आणि सूं सूं आवाज होतो ते ओले. खरे म्हणजे सरपण घेण्याचे दिवस हे नव्हेत. ते चैत्र-वैशाखातच घ्यावे, फोडून ठेवावे (अख्खा ओंडका आतून वर्षभर ओलाच राहतो), खाली दोन विटा आणि आडवी फळी टाकून रचावे, वरून पत्रा घालावा आणि बाजू उघड्या ठेवाव्या. पुष्कळ लोक चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळतात. त्याने लाकूड वाळत नाही, बुरसते.

आता लाकडाच्या जाती. येथे एक गोष्ट आमच्याही ध्यानात उशिरा आली. कोरडे झाले म्हणजे किलोमागे सगळी लाकडे जवळपास सारखीच उष्णता देतात. फरक पडतो तो लाकडाच्या भरीवपणात. म्हणून वजनावर घेत असाल तर जातीसाठी फार भाव वाढवून देऊ नका. पण मोळीवर घेत असाल तर भारी लाकडाचीच मोळी घ्या. पळसाची आणि बाभळीची मोळी दिसण्यास सारखी असली तरी पळस हलका, धुरकट आणि बिनानिखाऱ्याचा. शेवगा, पांगारा यांना तर सरपण म्हणूच नये. सकाळी घातलेला शेवगा कधी जळून गेला ते कळत नाही आणि पाणी कोमटच राहते.

बाभूळ हे आमच्या भागातले खरे सरपण. जड, हळू जळणारी, मागे टिकाऊ निखारा ठेवणारी. अंजन तिच्याहूनही जड. त्याचे लाकूड पाण्यात टाकले तर बुडते, आणि फोडताना कुऱ्हाडीची धार जाते. चिंचेची रेषा पिळलेली असते. ती फुटता फुटत नाही, पण पेटली की भट्टीसारखी तापते. धावड्याचा कोळसा नामांकित. मात्र अंजन, चिंच, खैर, मोह ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत. पाटणादेवीच्या डोंगरात आणि १९८६ साली जाहीर झालेल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात तर कोणत्याच झाडाला हात लावता येत नाही. डोक्यावरून मोळी आणणारी बाई पकडली जाते आणि ट्रक निघून जातो, ही तक्रार आम्ही अनेकदा ऐकली आहे. पण म्हणून आपल्या बायाबापड्यांनी धोका पत्करावा असे आम्ही म्हणणार नाही. सुबाभूळ आणि विलायती बाभूळ भरपूर आहे. विलायती बाभळीला कोणी वेडी बाभूळ म्हणतात. वेडी असली तरी सरपणास ती शहाणी आहे, झकास जळते. काटा मात्र वाईट. चपलेतून आरपार जातो आणि पिकतो. सुबाभूळ लवकर पेटते, राख थोडी करते, बंबासाठी तिच्यासारखी सोय नाही.

लाकडाची ही पारख आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. ती आमच्या आजोबांची. गावकीच्या कामात ज्या अनेक वेठी होत्या त्यांत लाकूड फोडून देणे ही एक होती. लग्न वाड्यात असो की मयत, सरपण फोडणार महारवाडा आणि मोबदला शिळ्या भाकरीचा. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचे विधेयक आणले. पुढे १९५८ च्या कायद्याने ती कनिष्ठ वतने संपली. आजोबांनी त्याच्या आधीच गाव सोडले होते आणि चाळीसगावला येऊन हमाली धरली होती. परंतु म्हातारपणीही ओंडक्यावर नुसती नजर टाकून "याला येथे मार" असे ते बोट ठेवून सांगत, आणि तो तेथेच फुटे. दुसऱ्यासाठी फोडलेल्या लाकडाने शिकविलेले ज्ञान आम्ही आता आपल्या चुलीसाठी वापरतो.

फुकटच्या जळणाचेही सांगावयास हवे, कारण ते सर्वांत जास्त जळते. कपाशीचा हा मुलूख. पऱ्हाट्या शेतमालक उपटून नेऊ देतो. पऱ्हाटी भसकन पेटते आणि भसकन विझते. जाळणाऱ्या बाईला चुलीपुढून उठता येत नाही. मात्र भरिताची वांगी भाजावीत ती पऱ्हाट्यांवरच, त्याला तोड नाही. तुऱ्हाटीचा जाळ त्याहून बरा. भाकरीला खाली जाळ हवा आणि फुगवण्यास निखारा हवा, म्हणून जाणत्या बाया बाभळीचे एक लाकूड आणि दोन तुऱ्हाट्या अशी जोडी लावतात. पऱ्हाट्यांचे ढीग शेताच्या बांधावर उन्हाळाभर ठेवू नयेत असे कृषी खाते सांगते. त्यांत राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या कपाशीवर येते. २०१७ साली या अळीने शेतकरी कसा रडविला ते मजुरांच्या घरीही माहीत आहे, कारण वेचणीच बुडाली होती.

आणि काही लाकडे अशी की जी चुलीत घालूच नयेत. कण्हेर विषारी आहे, तिच्या जाळावर काही शिजवू नये. थोर आणि शेर यांच्या धुराने डोळे चुरचुरतात. मोळीत बिब्ब्याचे लाकूड आले तर हात लावण्याआधी विचार करा. त्याचा चीक उततो आणि धुरानेही तोंड सुजते. रंग दिलेल्या खिडक्या, प्लायवूडचे तुकडे, सनमायका लावलेल्या फळ्या या सुतारनेटाच्या कचऱ्यात फुकट मिळतात. त्यांतला रंग आणि डिंक जळून विषारी धूर होतो. चाळीसगाव हे जंक्शनचे गाव. आमच्या लहानपणी रुळाखालच्या जुन्या लाकडी सिलेपाटांचे तुकडे कुठून कुठून घरोघर येत आणि आम्ही ते मोठ्या आनंदाने जाळीत असू. पावसातही पेटत. का पेटत? तर कुजू नयेत म्हणून त्यांत क्रिओसोट नावाचे काळे तेल मुरविलेले असे. भांड्यांची बुडे डांबरासारखी होत. त्या भांड्यात शिजलेले आम्ही खाल्ले आणि तो धूर मायने गिळला. आता सिमेंटचे सिलेपाट आले तरी जुने लाकडी तुकडे अजून कोणाच्या मागीलदारी पडलेले दिसतात. ते कुंपणाला लावा, चुलीला नको.

धूर म्हणजे काय, हेही हिशेबात बसते. धूर म्हणजे न जळलेले लाकूड. जितका धूर तितके पैसे वर गेले. चुलीचे तोंड लाकडांनी ठासून भरले की आत वारा जात नाही, म्हणून ती धुमसते. बारीक फोडलेली तीनच लाकडे घाला, राख रोज काढा, फुंकणीची गरज निम्मी होईल. १९८० च्या दशकात सरकारने निर्धूर चुली वाटल्या. आमच्या घरीही होती. पण पाइप वर्षात काजळीने बुजला, कोणी साफ केला नाही आणि निर्धूर चुलीचा धूर जुन्या चुलीपेक्षा जास्त झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या अशा धुराने २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे मेली. चुलीपुढे कोण बसते ते पाहा, म्हणजे यांत बाया आणि लेकरे किती असतील ते वेगळे सांगावे लागणार नाही. खोकणारी माय आपण लहानपणापासून पाहतो, म्हणून खोकला हा तिचा स्वभावच आहे असे आपल्याला वाटू लागते.

येथवर मावशी माना डोलावीत होत्या. म्हणाल्या, "मग बाभळीचाच कोळसा घेते भाऊ. चांगला वाळलेला. धूरच नको."

येथेच आमची गोष्ट सांगणे भाग पडले.

आमचे दुसरे अपत्य २०११ सालच्या जानेवारीतले. दोन खोल्या, वर पत्रा. बाळंतिणीला शेक द्यावयाचा हे मायच्या मनात पक्के, आणि आमच्याही मनात वेगळे काही नव्हते. बाळ-बाळंतिणीला धूर लागू नये म्हणून कोळसा आम्ही स्वतः वखारीत जाऊन निवडला. खडा न् खडा वाजवून पाहिला. बाभूळ आणि धावडा, दोन्ही उत्तम. खोलीला वारा लागू नये म्हणून खिडकीत गोणपाट कोंबले, दाराखालच्या फटीत जुने लुगडे. बाजेखाली शेगडी ठेवली. निखारा इतका सुरेख की धुराची रेघ नाही. आम्हाला मोठे समाधान वाटले. बाहेरच्या खोलीत आम्ही आणि माय झोपलो.

चौथ्या रात्री तीनच्या सुमारास आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. सौ. डोके फार दुखते म्हणून पाणी पिण्यास उठल्या होत्या आणि दोन पावलांवर कोसळल्या होत्या. त्यांना शब्द फुटत नव्हता. बाळ बाजेवर शांत होते. इतके शांत की मायने उचलले तेव्हा मान लुळी पडली. दोघांना आधी ओट्यावर आणले, तशा थंडीत. मग शेजारच्या मुलाने रिक्षा काढली. दवाखान्यात प्राणवायू लावला. पहाटे बाळ रडले. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "खोलीत कोळसा होता का?" आणि नंतर जे बोलले ते आम्ही खाली मान घालून ऐकले.

गोष्ट अशी आहे. कोळसा किंवा निखारा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही. तो श्वासातून रक्तात गेला की रक्तातील जो घटक प्राणवायू वाहून नेतो त्यालाच चिकटून बसतो, प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट. माणसाचे डोके दुखते, मळमळते, पाय गळतात, झोप येते. ज्याला झोप लागली तो पुष्कळदा उठत नाही. ओल्या लाकडाचा धूर वाईट, पण तो माणसाला खोकत खोकत बाहेर तरी काढतो. आम्ही निवडलेल्या उत्तम कोळशाने तेवढीही सूचना दिली नाही. दरवर्षी थंडीत देशाच्या कुठल्या ना कुठल्या भागातून शेगडी पेटवून झोपलेल्या कुटुंबाची बातमी येते. पेपरात ती चार ओळींची असते.

माय त्यानंतर आठ दिवस धड जेवली नाही. तिने स्वतःची चार बाळंतपणे आणि दुसऱ्यांची कितीतरी अशाच शेगडीवर निभावली होती. मग तेव्हा काही झाले नाही ते का? आम्ही पुष्कळ विचार केला. तेव्हा घर कुडाचे होते, वरून कौल होते, शंभर फटींतून वारा वाहत होता. आम्ही विटांचे घर बांधले, सिमेंटचा गिलावा केला, खिडकी बसविली आणि पद्धत तीच ठेवली. फटी आम्ही बुजविल्या होत्या. चूक मायची नव्हती.

मावशी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग पोरीले गारठ्यात ठेवू का भाऊ?"

प्रश्न रास्त आहे. शेगडी नको म्हणणे सोपे, पण थंडी खरीच असते. आम्ही त्यांना सांगितले ते असे. लाकूड जाळायचे ते अंगणात जाळा. पाणी तापवा, रबरी पिशवीत भरा, कापडात गुंडाळून पोरीच्या कमरेला आणि पायाशी द्या. बाळाला ती पिशवी लावू नका, त्याची कातडी भाजते. बाळाला टोपी, पायमोजे घाला आणि आईच्या छातीशी उघड्या अंगाने लावून वरून गोधडी पांघरा. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरही कमी वजनाच्या बाळासाठी हेच सांगतात. आईच्या अंगाइतकी सारखी ऊब कुठल्याच लाकडाची नसते. दारावर जाड पडदा लावा, पण खिडकीची वरची झडप चार बोटे उघडी राहू द्या. शेकोटी ओट्याखाली करा, तिच्यापाशी बसा, गप्पा मारा, आणि झोपायला आत जाताना तिचा एकही निखारा घमेल्यात घालून आत नेऊ नका. विझत आलेला निखारा निरुपद्रवी असतो असे वाटते. तसे नाही, तो विझेपर्यंत वायू सोडतो.

आणि डोके दुखते असे खोलीतल्या दोघांनी एकाच वेळी म्हटले तर चहा करीत बसू नका. आधी दार उघडा, माणसे बाहेर काढा, मग दवाखाना.

मावशींनी लाकूड घेतले. दोन क्विंटल बाभूळ, वाळलेली. रविवारी हातगाडीवरून आली, आम्ही काट्यापाशी होतो, वजनात दीड किलो कमी भरले ते वखारवाल्याने मुकाट्याने घातले. मावशींच्या जावयाने मागीलदारी विटांवर रचून दिली. शेगडी त्यांनी बाहेर ओट्यावर ठेवली आहे, तिच्यात तुळशीचे रोप लावायचे की पाणी तापवायचे, यावर मायलेकींचा वाद चालू आहे. आमचे ते २०११ चे बाळ आता कॉलेजात जाण्याच्या वयाचे झाले. हा मजकूर तिने वाचून पाहिला आणि एकच दुरुस्ती सुचविली की, ८३ किलोचा भागाकार बाबांनी पुन्हा तपासावा. तपासला. बरोबर आहे.